बिनवाऱ्याचं पाणी

"समुद्राकडची हायेस म्हनते, अन् मासे शिकाले नागपूरले आली? काऊन बाप्पा?"

होस्टेलच्या खोलीत माझी बॅग अजून खांद्यावरून उतरली नव्हती. खिडकीजवळच्या कॉटवर मांडी घालून बसलेली एक बारकी, सावळी मुलगी मुरमुरे खात मला विचारत होती. प्रश्नात टवाळी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रत्नागिरीच्या कॉलेजात नंबर लागला नाही. इथे लागला," मी म्हटलं.

"हौ का," ती म्हणाली आणि मुरमुऱ्यांची पिशवी माझ्यापुढे धरली. "मी भूमेश्वरी नान्हे. साकोलीच्या तिकडची. तू?"

"हेमांगी कुबल. मालवणच्या जवळची."

"मालवन म्हन्जे गोव्यात ना?"

मी नाही म्हटलं नाही. दोन रात्रींच्या प्रवासाने अंग मोडून आलं होतं.

मत्स्यविज्ञानाची पदवी घ्यायची हे मी बारावीतच ठरवलं होतं. माझे बाबा होडीवर, आये मालवणच्या बाजारात मासे विकायला. घरात दुसरा विषयच नव्हता. नागपूरचं नाव आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मासळी ती मासळी. जा." पण मासळी ती मासळी नसते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

आमच्या घराच्या पुढल्या दारी समुद्र आणि मागल्या दारी कालावलची खाडी. कानात लाट नसली की मला झोप येत नाही, हे नागपूरला आल्यावर समजलं. त्याआधी समजायचं काही कारणच नव्हतं. तिथल्या हवेला मीठ नव्हतं. वारा कुठून येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. मेसमध्ये भात यायचा तो शेवटी, चवीपुरता. मी बोलायला लागले की पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायची. माझा आवाज मोठा. वाऱ्यात, लाटेत बोलायची सवय. वर्गात तोच आवाज भांडल्यासारखा वाटायचा. मी हळू बोलायला शिकले, मग कमी बोलायला लागले, आणि गणपतीनंतर तर जवळजवळ बोलेनाशीच झाले.

एके दिवशी प्रयोगशाळेत ट्रेमध्ये तीन मासे मांडलेले होते. रोहू, कतला, म्रिगल. ओळखून नावं सांगायची. बाजारात आयेच्या पाटीशेजारी बसून मी लांबून येणारी मासळी ओळखायचे. आत्ता मात्र ते तीन चंदेरी मासे मला सारखेच दिसत होते. मी तिन्ही चुकले.

"अरे, समुद्रवालीले तलावाचे मासे नाही येत!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सरही थोडे हसले, प्रेमानेच. पण त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला.

"बाबा, माका हय जमत नाय."

पलीकडे लाटेचा आवाज येत होता. ते बंदरावर होते.

"दिवाळीक ये," बाबा म्हणाले. "मगे जीव रमत नसात, तर ऱ्हव हय. कोण काय म्हणाचा नाय."

एवढ्यावर माझं ठरलं. दिवाळीला जायचं आणि परत यायचं नाही. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त वह्यांवर कव्हर घालायचं सोडून दिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कॉलेजच्या तळ्यावर जाळ्याचं प्रात्यक्षिक होतं. देशकर सरांनी फेकजाळं आणलं होतं. आमच्याकडे त्याला पाग म्हणतात. हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या मण्यांची माळ. नीट फेकलं तर हवेत छत्रीसारखं उघडतं आणि गोल पडतं. चुकलं तर भिजलेल्या घोंगडीसारखं धप्पकन आपटतं. एकेक मुलगा पुढे झाला आणि घोंगडीच पडत गेली. सगळे हसत होते, सरही.

"हेमांगी कुबल."

मी जाळं हातात घेतलं. दोरी मनगटाला गुंडाळली, एक पदर कोपरावर टाकला, एक मणी दातांत धरला. आमच्या आजोबांच्या डोळ्यांत फूल पडलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. त्यांना खाडीत बोय मासळी कुठे धावतेय ते दिसेना. मी त्यांच्या पुढे उभी राहून सांगायचे, "आजोबा, उजवीकडे." मग एक दिवस ते म्हणाले, "सांगतंस कित्याक? तूच टाक." आमच्यातल्या बायका जाळं टाकत नाहीत. पण आजोबांना कोण बोलणार?

मी कमरेतून वळले आणि सोडलं. जाळं उघडलं. पाण्यावर गोल पडलं, मण्यांचा एकच बारीक आवाज झाला. पहिल्यांदा माझ्या मागे कुणी हसलं नाही.

"वा!" देशकर सर म्हणाले. "आता भूमेश्वरी नान्हे."

भूमेश्वरी पुढे आली नाही. "सर, हात दुखते," ती म्हणाली आणि मुलींच्या मागे जाऊन उभी राहिली.

सकाळी तिने दोन बादल्या पाणी जिना चढून आणलं होतं. तिचा हात काही दुखत नव्हता.

संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर ती आपणहून म्हणाली, "आम्ही ढीवर आहो, तुले मालूम आहे ना? आमचा धंदाच मासोळ्यांचा. माझा बाप तलावात जाळं फेकते, आजा फेके, त्याचा बाप फेके. मी आजपर्यंत हात नाही लावला. बाईनं जाळं ओलांडलं तरी बाप ते धुते."

"मग सरांना तसं सांगायचं ना."

"काय सांगू? ढिवराच्या पोरीले जाळं नाही येत?" मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मले शिकवशील?"

"मी दिवाळीला घरी जाणार आहे, भूमे. परत येणार नाही."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. तिने काऊन म्हणून विचारलं नाही. समजूतही घातली नाही.

"मंग दिवाळीपर्यंत शिकव," ती म्हणाली.

सरांनी जाळं दिलं. होस्टेलच्या मागे वाळलेल्या गवताचं मोकळं मैदान होतं, तिथे आम्ही रोज संध्याकाळी उभ्या राहू लागलो. पाण्याचा थेंब नाही, आणि आम्ही जाळं टाकतोय. भूमेश्वरी आपल्या चपला लांब ठेवायची, ते मासे. जाळं कधी तुळशीवर पडे, कधी दोरीवरच्या कपड्यांवर. वरच्या मजल्यावरून मुली ओरडायच्या, "काय घावलं गं?"

"एक टॉवेल!" भूमेश्वरी ओरडून सांगायची.

तिचं काही केल्या जमत नव्हतं. ती खांद्यातून फेकायची. मी तिची कंबर दोन्ही हातांनी धरून वळवायचे. "इथून. हात फक्त सोडायला." मण्याला धुळीची चव लागायची, ती थुंकायची आणि पुन्हा मणी दातांत धरायची. मला राग यायचा, आवाज चढायचा, माझा खरा आवाज. ती म्हणायची, "हं, असं बोलत जा. नाहीतर एरवी मेल्यावानी बोलते."

बदल्यात तिने मला ते तीन मासे शिकवले. मेसमधून परतताना, बोटाने हवेत काढून. "तोंड पाह्य. कतला वरचं खाते, त्याचं तोंड आभाळाकडे. म्रिगल खाली चिखलात चरते, त्याचं तोंड खाली. रोहू मधातला, त्याच्या ओठाले झालर." पुढच्या परीक्षेला मी तिन्ही बरोबर लिहिले. खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण मी जाणारच होते.

दिवाळीच्या गाड्यांचं रिझर्वेशन मिळालं नाही. मिळालं ते भाऊबीजेनंतरचं. होस्टेल रिकामं व्हायला लागलं तेव्हा भूमेश्वरी म्हणाली, "माझ्या घरी चल. मंडई पाहून जा." त्या भागात भाऊबीजेच्या पुढे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, जत्रा लागते, नाटक होतं. आणि मंडईच्या सकाळी पाहुण्यांच्या जेवणासाठी गावच्या तलावात जाळी पडतात.

तिचं गाव तलावाच्या पाळीखालीच, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी होतं. मी तलाव म्हणजे तळं समजत होते. पाळ चढून वर गेले आणि थांबले. पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नव्हता. झाडं पाण्यापर्यंत उतरलेली, कमळाची पानं पसरलेली, आणि पाणी इतकं स्थिर की उडणाऱ्या बगळ्याचं प्रतिबिंब त्यात स्वच्छ दिसत होतं. मी आयुष्यात इतकं गप्प पाणी पाहिलं नव्हतं.

भूमेश्वरीचे वडील, हिवराजकाका, उंच आणि अबोल. जेवताना भूमेश्वरीने भाताचा घास हातात ठेवूनच विचारलं, "बाबा, उद्या मी जाळं फेकू?"

काकांनी मान वर केली नाही. "अभ्यास कर तू."

"हा अभ्यासच आहे. हिनं शिकवलं मले."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले येते?"

"येतं, काका."

"मंग तू फेक उद्या. पाहुनी आहेस. समुद्राचं जाळं पाहू आमी."

भूमेश्वरी खाली मान घालून जेवत राहिली. तिची आई चुलीपाशी होती. तिने पोरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना अजून भात वाढला.

सकाळी पाळीवर सगळा गाव जमला होता. पुरुष उथळ पाण्यात उतरले होते, बायका काठावर पाट्या घेऊन. "समुद्राची पोरगी येऊन राह्यली," अशी कुजबुज चालली होती. काकांनी स्वतःचं जाळं माझ्या हातात दिलं. त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं, वजनदार, सुंदर जाळं. मी मांडीभर पाण्यात गेले. गार पाण्याने अंग शहारलं.

खोटं कशाला सांगू, मला ते जाळं टाकायचं होतं. किती महिने मी त्या मुलखात कुणीच नव्हते. आता एवढा गाव माझ्याकडे बघत होता, आणि जे मला येत होतं तेच त्यांना बघायचं होतं. मी दोरी मनगटाला गुंडाळली. पदर कोपरावर घेतला. मणी दातांत धरायला मान वळवली तेव्हा काठावर उभी असलेली भूमेश्वरी दिसली.

तिचे हात हलत होते. तिला ते ठाऊकही नसावं. डावं मनगट फिरलं, कोपर उचललं गेलं, कंबर थोडी वळली. हातात काही नव्हतं, पण सगळं बरोबर चाललं होतं.

मी मणी सोडला आणि काठाकडे वळले.

"काका, मी नाही टाकणार."

"काऊन? जड आहे का?"

"नाही. मी हिला शिकवलंय. मीच टाकलं तर शिकवलं ते खरं की खोटं, कसं कळणार?"

माझा आवाज पाण्यावरून सगळीकडे गेला. त्या दिवशी मी तो खाली आणला नाही.

एक म्हातारा म्हणाला, "हिवराज, असं होत नाई." दुसऱ्याने मान हलवली. काका पाण्यात तसेच उभे होते. भूमेश्वरीचे हात आता अंगाशी घट्ट होते.

तेवढ्यात तिची आई पुढे आली. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली. आदल्या दिवसापासून मी तिचा आवाज क्वचितच ऐकला होता.

"मासोळ्या बाईनं विकल्या तं चालते," ती म्हणाली. "डोक्यावर नेल्या तं चालते. चिरल्या तं चालते. पकडाले नाही चालत? कोनं सांगतलं? तलावानं सांगतलं का?"

काठावरच्या बायकांमध्ये कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी. म्हाताराही तोंड फिरवून हसला.

काका बायकोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ये."

भूमेश्वरी साडी खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून पाण्यात उतरली. मी जाळं तिच्या हातात दिलं. "कंबर," मी पुटपुटले. तिने फेकलं.

घोंगडी पडली.

आता सगळा गाव हसला. लहान पोरं तर उड्या मारायला लागली. भूमेश्वरीचा चेहरा काळवंडला. ती जाळं ओढू लागली, पाणी निथळू लागलं. मला वाटलं, संपलं. मीच तिला इथे आणून उभं केलं.

पण काका तिच्याकडे चालत गेले. त्यांनी जाळं तिच्या कोपरावर पुन्हा मांडलं, पदर मोकळा केला, आणि तिचा डावा खांदा हलकेच खाली दाबला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं शिकवलं तू. पन तुमच्याकडं वारा असते. तुमी त्याच्यासंगं भांडून फेकता. इथं भांडाले कोनी नाही. हळू सोडावं लागते." आणि मुलीला म्हणाले, "फेकू नोको. सोड."

भूमेश्वरीने डोळे मिटले आणि उघडले. कमरेतून वळली. सोडलं.

जाळं हवेत उघडलं. अगदी सावकाश, जसं काही ते कुठे पडायचं याचा विचार करत होतं. मग ते त्या गप्प पाण्यावर पूर्ण गोल होऊन टेकलं, आणि त्याच्या कडेने एक बारीक वर्तुळ कमळांपर्यंत पसरत गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे तशी पद्धत नसावी. भूमेश्वरी दोरी ओढत होती, आणि जाळ्यात एक बऱ्यापैकी मासा आणि पुष्कळसं शेवाळ होतं. तिने मासा उचलून तोंडाकडे पाहिलं.

"हेमे!" ती किंचाळली. "कतला!"

मी आजवर पुष्कळ जाळी टाकली, त्याआधीही आणि नंतरही. माझं कुठलंही जाळं उघडताना छाती इतकी भरून आली नाही. काका आधीच पुढच्या जाळ्याकडे वळले होते. जाता जाता ते त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "माझी पोरगी हाये." म्हाताऱ्याला ते ठाऊक होतंच. तरी काकांनी सांगितलं.

आज त्या गावातल्या बायकांचा स्वतःचा गट आहे आणि दोन तलाव त्या बघतात. त्यांची जाळी त्याच टाकतात. पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी आम्ही फक्त रस्सा खाल्ला, भाताशी, पोटभर. चिखलाचा वास येतो म्हणून मेसमध्ये महिनोन् महिने जो मासा मी बाजूला सारला होता, तो मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी आयेबरोबर बाजारात गेले. कुणी मला काही विचारलं नव्हतं. बाबांनी स्टेशनवर बॅग उचलली तेव्हा नुसतं म्हटलं होतं, "हलकी आसा." पुस्तकं मी होस्टेललाच ठेवून आले होते.

आये इसवण, म्हणजे सुरमई, कापत होती. एक ओळखीची बाई भाव करता करता म्हणाली, "गो, तुझ्या चेडवान शिकाप सोडल्यान मा? आयकलंय."

आयेचा कोयता थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सोडूक नाय," मी म्हटलं. "सुट्टी आसा. सोमवारी जातंय."

बाई मासे घेऊन गेली. आये पुन्हा कापायला लागली. चार तुकडे पाडून झाल्यावर तिने विचारलं, "जीव लागलो मगे थय?"

मी तिला भूमेश्वरीचं सांगितलं. तलावाचं सांगितलं, पाळीवर जमलेल्या गावाचं, तिच्या आईचं. आये ऐकत होती, हात चालूच होते.

"मगे त्या चेडवान टाकल्यान?" तिने विचारलं. "बायलमाणसान?"

"टाकल्यान. गोल पडला."

"आणि तिका शिकवल्यान कोणी? बापाशीन?"

"नाय आये," मी म्हटलं. "मी."

आयेने कोयता पाटावर ठेवला. ओल्या हाताच्या पाठीने कपाळावरचे केस मागे सारले. मग शेजारच्या पाटीवर बसलेल्या बाईकडे वळून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक मारली,

"शेवंते! आयकलंस काय गो?"